उजवं मडगार्ड

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. तांबट आळीतलं घर. खाली अण्णांची कामाची जागा, वर दोन खोल्यांत आम्ही. सकाळी आठला अण्णांचा पहिला ठोका पडला की फडताळातले कप एकमेकांना लागून किणकिणायला लागायचे, ते थेट दुपारच्या जेवणापर्यंत. शेजारच्या घरात ठोके, समोरच्या घरात ठोके. त्यामुळे साधं "मीठ दे" हेसुद्धा आम्ही भांडल्यासारखं ओरडून मागायचो. पुण्याची मावशी आली की पहिले दोन दिवस कपाळ धरून बसायची आणि तिसऱ्या दिवशी आमच्याहून मोठ्यानं बोलू लागायची. पुढे लग्न होऊन मी कॉलेज रोडच्या शांत घरात गेले, तेव्हा महिनाभरानं सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, की सूनबाई, तू आमच्यावर रोज कशाबद्दल चिडतेस?

अण्णा हंडे, बंब, घंगाळं घडवायचे. तांब्याचा सपाट पत्रा घ्यायचा, भट्टीत तापवून नरम करायचा, लाकडी मोगरीनं ठोकून आकाराला आणायचा आणि शेवटी बारीक हातोडीनं एकाला एक लागून गोल ठोके देत जायचं. या शेवटच्या ठोक्यांना मठार म्हणतात. त्यानं तांबं टणक होतं आणि उजळतं. मठार ज्यानं सुरू केला त्यानंच संपवायचा, हा आळीतला नेम होता. मध्येच कुणी आजारी पडला तर भांडं तो बरा होईपर्यंत तसंच पडून राहायचं, कारण दुसऱ्या हाताचा ठोका लगेच ओळखू येतो. अण्णांना तर कुठलंही भांडं द्या, त्यावर अंगठा फिरवून ते कुणाच्या हातचं हे सांगायचे, आणि ते घडवताना त्या माणसाचं बायकोशी भांडण झालं होतं का हेही सांगायचे. यातलं पहिलं कधी चुकायचं नाही. दुसऱ्याबद्दल आईचं मत होतं की या थापा आहेत.

माझा भाऊ मधुकर, म्हणजे दादा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सातपूरला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होता, आणि सुट्टीच्या दिवशी अण्णांच्या शेजारी बसून हातोडी चालवायचा. त्याला दोन्हीकडचं काम येत होतं. एका रविवारी तो घरी आला तो गंगापूर रोडच्या वर्तकसाहेबांना घेऊनच. साहेबांकडे सासऱ्यांची एक जुनी विलायती मोटार होती. कित्येक वर्षं शेडमध्ये पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. साहेबांना ती दुरुस्त करायची नव्हती. तिचं छप्पर कापायचं, ती जमिनीलगत बसकी करायची, पुढे दांडगं इंजिन उघडंच ठेवायचं आणि रस्त्यानं सुसाट सोडायची, असा त्यांचा बेत होता. परदेशातल्या मासिकातलं चित्र त्यांनी अण्णांच्या पुढ्यात धरलं. "याला हॉट रॉड म्हणतात, अण्णा," ते म्हणाले. अण्णांनी चित्र लांब धरून बघितलं आणि विचारलं, "चांगल्या गाडीचं टाळकं उडवायचं आणि मग तिला पळवायची, यात गंमत काय आहे साहेब?" साहेब मनापासून हसले. अडचण पुढच्या दोन मडगार्डांची होती. जुनी सडली होती, नवी कुठे मिळत नव्हती. गॅरेजवाले चेपलेलं सरळ करून द्यायचे, पण सपाट पत्र्यातून असा फुगीर, वळत जाणारा आकार कोण काढणार? दादा म्हणाला होता, आमच्या घरी निघेल.

असा आमच्या तांब्याच्या घरात लोखंडी पत्रा आला. दादानं द्राक्षांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून गाडीवर लावले, मापं घेतली. मी बारावीत होते आणि अक्षर बरं होतं म्हणून मापं लिहायचं काम माझ्याकडे. वाळू भरलेल्या कातडी पिशवीवर पत्रा ठेवून तो मोगरीनं ठोकायचा. पत्रा मधोमध खोल होत जायचा आणि कडेला चुण्या पडायच्या. मग त्या चुण्या एकेक करून मारत न्यायच्या. अण्णा आधी नुसते बघत बसले. मग म्हणाले, "तांब्याला भट्टी दाखवली की ऐकतं. हा आपला हेका सोडत नाही रे." पण आठवड्याभरात तेच पहाटे उठून पिशवीवर पत्रा फिरवून बघायला लागले. दोघांचं रोज एकाच गोष्टीवरून वाजायचं. अण्णा म्हणायचे, शेवटी चांगला मठार देऊ, शोभा येईल. दादा म्हणायचा, "अण्णा, गाडीवर एक ठोका दिसला तरी नापास. आरशासारखं पाहिजे." मग ज्यात हातच दिसत नाही ते काम कसलं, असं अण्णांचं म्हणणं. आई वरून ओरडायची, की भाकरी निवते आहे, आधी गिळा आणि मग भांडा. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचं वांगं, वर कच्चा कांदा बुक्कीनं फोडलेला. चौघं खाली बसलेलो, आणि दादाच्या बोटांना लोखंडाचा वास.

उजवं मडगार्ड आकाराला आलं. त्यावर दादाचे बारीक ठोके एकाला एक लागून बसले होते, अगदी मठारासारखेच. ही शेवटची पायरी नव्हे, असं त्यानं मला सांगितलं. आता हे सगळे ठोके कानशीनं घासून सपाट करायचे, मग रंग. तोवर त्याला पाणी लागू द्यायचं नाही. "मी घरी नसलो तर तेलाचा बोळा फिरवायचा, शालू. रोज. विसरलीस तर बघ." मी रोज बोळा फिरवायचे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण मला ते थोडक्यातच आठवतं. दादाला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग दवाखाना, आणि आठव्या दिवशी तो गेला. बायका रडत होत्या, आळीतले सगळे ठोके थांबले होते, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा आमच्या भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला. तो बारीक लक्ष देऊन ऐकत मी बसले होते. शेजारून पिठलं-भात आला, तर मी दोनदा भात घेतला. भूक लागली होती. मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रड गं पोरी, मोकळी हो," आणि मला वाटलं की हिच्या बांगड्या टोचताहेत. एवढंच वाटलं. मी चांगली बहीण नाही, माझ्यात काहीतरी कमी आहे, असं मी तेव्हा ठरवून टाकलं आणि पुढे कित्येक वर्षं ते धरून होते. आता या वयात बरीच मरणं बघून झाल्यावर कळतं की तसं काही नसतं. पण तेव्हा सांगायला कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

तेरावं झाल्यावर आळी पुन्हा वाजायला लागली. आमचे कप मात्र गप्प. अण्णा सकाळी आठला खाली जायचे, उजवं मडगार्ड मांडीवर घ्यायचे आणि अंगठा फिरवत बसायचे. वाचायचेच म्हणा. "हे बघ, इथं ताजा होता तो. चहा पिऊन बसला असेल. इथं मान दुखत होती, ठोका डावीकडे कलतोय. आणि इथं बघ, इथं तुझ्याशी बोलत होता. बोलताना हात हलका पडायचा त्याचा." मी चहा घेऊन गेले की रोज हेच, त्याच क्रमानं. मी हो म्हणायचे. जेवायला बोलावलं तर वर यायचे, दोन घास खाऊन परत खाली. घंगाळांची कामं तशीच पडून राहिली. गिऱ्हाइकं आधी हळहळून गेली, मग समोरच्या दुकानात जाऊ लागली.

वर्तकसाहेब एकदा येऊन गेले. भला माणूस. खाली पाटावर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "अण्णा, हे तुमच्याकडेच राहू द्या. मला दोन्ही नवी करून द्या, होईल तेव्हा." दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे पत्रे पाठवले. ते भिंतीला टेकून उभे राहिले. अण्णांनी त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि समोरचे तात्या, अण्णांच्या बरोबरीचे, एक दिवस जिन्यात आईला गाठून म्हणाले, "वहिनी, स्पष्टच बोलतो. आपल्या कामात हात चार-सहा महिने थांबला ना, की गेला. आमच्या थोरल्या भावाचा असाच गेला, मग माणूसही गेला. याला उठवा." आई म्हणाली, "बघते." मी वरच्या पायरीवर उभी होते. आता अण्णाही जाणार, असं मला अगदी स्वच्छ कळलं, आणि मी आत जाऊन कपबशा विसळायला घेतल्या.

श्रावणात आईनं मडगार्ड घासायला काढलं. आमच्याकडे शनिवारी सगळी तांब्यापितळेची भांडी मागच्या मोरीवर निघायची. भिजवलेली चिंच, मीठ आणि विटेची पूड. त्यात एका शनिवारी तिनं ते मडगार्डही नेऊन ठेवलं. अण्णांना म्हणाली, "धूळ बसलीय पोराच्या वस्तूवर. लख्ख करून देते." अण्णा मोरीच्या पायरीवर बसून राहिले. आईनं ते चिंचेनं खसाखसा घासलं, पाण्यानं धुतलं, अण्णांच्या हातात दिलं. खरंच पांढरंशुभ्र निघालं होतं. अण्णा म्हणाले, "छान केलंस." सोमवारपर्यंत त्यावर तांबूस ठिपके उठले. पुढच्या शनिवारी ठिपके काढायला पुन्हा चिंच, पुन्हा पाणी. आठवडाभर बाहेर दमट हवा. ठिपक्यांचे डाग झाले, डागांचे पापुद्रे.

मला माहीत होतं. घरात कुणाला माहीत नसेल इतकं मला माहीत होतं, कारण दादानं ते मलाच बजावून सांगितलं होतं. तेलाची बाटली दादा गेल्यापासून फडताळात तशीच होती, बोळा तिच्या तोंडाला खोचलेला होता. आणि मी बोलले नाही. शनिवारमागून शनिवार मी शेजारी बसून तांबे-पेले विसळत होते आणि समोर दादाचे ठोके पुसले जात होते. मला वाईट वाटत नव्हतं असं नव्हे. मला काहीच वाटत नव्हतं. हे लिहितानासुद्धा मी शोधते आहे की तेव्हा आत काय होतं, आणि मला चिंचेचं पाणी आठवतं, गुळगुळीत गार फरशी आठवते, बाकी काही हाताला लागत नाही.

अण्णांचा अंगठा आता अडखळायला लागला होता. "इथं ताजा होता तो," इथपर्यंत ठीक चालायचं. पुढे ते थांबायचे. अंगठा मागे न्यायचे, पुन्हा पुढे आणायचे. "इथं... इथं काय होतं गं?" मला विचारायचे. "मान दुखत होती," मी सांगायचे. "हां. मान." पण अंगठ्याला ते पटायचं नाही. अंगठ्यावर गंजाची तांबडी पूड यायची, ती ते धोतराला पुसायचे.

शेवटी काय झालं ते आधीच सांगून टाकते. दसऱ्याच्या आधी अण्णा उठले. एका सकाळी त्यांनी मडगार्ड मांडीवरून उतरवून बाजूला ठेवलं आणि वर हाक मारली, "शालू, तो पुठ्ठ्याचा फर्मा कुठं ठेवलाय त्यानं?" दोन्ही मडगार्डं नवी केली. पत्र्याचं दुसरं टोक धरायला माणूस नव्हता म्हणून मी धरलं, आणि पुढे पुढे मोगरीही चालवली. तळहाताला फोड आले, ते फुटले. ठोके घासून सपाट करताना अण्णांनी मठाराचं नावही काढलं नाही. गाडी लाल रंगली. साहेबांनी अण्णांना शेजारी बसवून गंगापूरच्या धरणापर्यंत नेलं. परत आल्यावर अण्णा म्हणाले, "दात वाजले नुसते," आणि आई कितीतरी महिन्यांनी हसली. त्यानंतर अण्णा अजून अठरा वर्षं ठोकत राहिले. आळीत लोक म्हणायचे, काळ जातो तसं दुःख निवतं, अण्णा सावरले बघा. मी मान डोलवायचे. काळानं काहीही केलेलं नव्हतं.

अण्णा उठले त्याच्या आधीचा, भाद्रपदातला शनिवार होता. अण्णा वर जेवून पडले होते. का कोण जाणे, त्या दिवशी माझा हात फडताळातल्या तेलाच्या बाटलीकडे गेला. अण्णांचा तो पूड लागलेला अंगठा सकाळी बघितला होता म्हणून असेल. मी बाटली घेऊन मोरीवर आले. आई पातेल्यात चिंच कोळत होती. मडगार्ड तिच्यासमोर पालथं.

"आई, याला पाणी लावू नकोस," मी म्हटलं. "दादानं सांगितलं होतं. लोखंड आहे ते. चिंचेनं तर आणखी खातंय."

आईनं वर बघितलं नाही. "माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे म्हणजे?"

"शालू, तवा रोज कोण पुसतं या घरात? लोखंडाला काय चालतं आणि काय नाही, हे तू शिकवणार मला?"

हे ती हळू आवाजात बोलली. आमच्या घरात इतक्या हळू आवाजात मी कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी तिथंच खाली बसले.

"मग का करतेस?"

ती चिंच पिळत राहिली. चोथा बाजूला ठेवला, बोटं निरपली. "तुझे अण्णा वाचत बसतात ना ते," ती म्हणाली. "वाचायला जोवर आहे तोवर ते उठायचे नाहीत. मी त्यांच्याशी पंचवीस वर्षं संसार केलाय, मला ठाऊक आहे. माझ्या मनात आलं होतं, एक दिवस उचलावं आणि भंगारात घालावं. पण मग त्यांनी जन्मात तोंड बघितलं नसतं माझं. असं थोडं थोडं गेलं की माणूस त्याच्याबरोबर थोडं थोडं सोडतं. पोरगा गेला माझा. नवरा नाही जाऊ द्यायचा मला."

"पण दादाच्या हातचं एवढंच राहिलंय, आई."

"हो."

"तुला काही वाटत नाही?"

आता तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. गेले तीन महिने ते कोरडेच होते, आणि आळीतल्या बायका त्याबद्दल कुजबुजत होत्या हे मला माहीत होतं. "तुला वाटतं?" तिनं विचारलं.

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे रड म्हणत होते. खोटं बोलावं असं एक क्षण आलं मनात, पण तिच्याशी खोटं बोलता येईना. "नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही. वाटायला लागलं तर हे हातून व्हायचं नाही. त्याच्या आत उरकू."

वरून अण्णांच्या खोकण्याचा आवाज आला. आम्ही दोघी थांबलो. खोकला थांबला, पलंग करकरला, पुन्हा सामसूम झालं. समोर तात्यांचे ठोके सुरू होते. मी तेलाची बाटली भिंतीकडे सरकवून ठेवली, साडीचा पदर खोचला, कारण त्या वर्षी मी नुकतीच साडी नेसायला लागले होते आणि ती सारखी पाण्यात जायची. पातेल्यातला चिंचेचा गोळा घेतला, त्यावर मीठ टाकलं, विटेची पूड घेतली. आई एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला. पत्रा खडबडीत झाला होता, बोटांना चरचरत होता, आणि मध्येच कुठे कुठे बोटाखाली एखादा गोल, गुळगुळीत, बरोबर बसलेला ठोका लागायचा.

माझा हात तिथं थांबत असावा. आईनं आपलं घासणं न थांबवता मान पुढे करून बघितलं.

"जोर लाव," ती म्हणाली. "तिथं अजून दिसतोय."